आमच्या लॅबमधली रिकामी खुर्ची

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण चहाला नुकती उकळी येत होती आणि मॅडम पॅन्ट्रीच्या दारात येऊन म्हणाल्या, "सुनीता, तुझ्या ओळखीत कुणी कॉम्प्युटेशनल जॉमेट्रीवाला आहे का गं?"

माझ्या ओळखीत! माझ्या ओळखीत फिटर आहेत, वेल्डर आहेत, एक लांबचा दीर क्रेन चालवतो. मी विचार करत उभी राहिले आणि चहा उतू गेला.

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. घरात डब्यांची झाकणं साठतात ना, तसं आहे ते. डबे जातात, झाकणं राहतात. मग एके दिवशी कपाट उघडलं की सगळी अंगावर! माझ्याकडे या एका खुर्चीचीच एवढी झाकणं साठलीत की आता कुणाला तरी दाखवल्याशिवाय कपाट लागणार नाही.

आधी सांगते मी कुठली कोण. आम्ही मूळचे जालन्याकडचे. माझे मालक चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. माझं शिक्षण सातवी. चाकणच्या अलीकडे एक युनिव्हर्सिटी झालीय, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी चहापाणी, साफसफाई, खडूचे फळे पुसणं आणि कुलूप-किल्ली बघते. लॅबमध्ये माणसं दोनच. एक मॅडम आणि दुसरा त्यांचा विद्यार्थी इरफान, दापोडीचा. तिसरी खुर्ची रिकामी. तिच्यावर बसणारे सर परदेशात गेले आणि ते तिकडचेच झाले.

ती खुर्ची दिवाळीपर्यंत भरली नाही तर प्रोजेक्ट बंद, असं वरून आलं होतं. आणि माझी नोकरी त्याच प्रोजेक्टवर!

नोकरीचं एवढं काय, म्हणाल. याआधी मी एका कंपनीत पॅकिंगला होते. मोबाईल गेटवर ठेवून आत जायचं. माझी परी तेव्हा दोन वर्षांची, शेजारणीकडे. दिवसभर डोळ्यांसमोर नको ते यायचं. गॅलरी, बादली, गॅस, कुत्रं. डब्यातली भाकरी तशीच परत यायची. इथं मात्र मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बालवाडी सुटली की इकडेच आण तिला." एवढं वाक्य ऐकायला मी किती नोकऱ्या बदलल्या, माझं मला माहीत. म्हणून त्या खुर्चीवर कुणी बसावं याची काळजी मॅडमपेक्षा मला जास्त!

* * *

इथं नेमकं काय काम चालतं, हे मी पहिल्याच आठवड्यात इरफानला विचारलं.

"ताई, समजा एक वेडीवाकडी खोली आहे," तो म्हणाला. "तुम्ही एका जागी उभ्या. परी कुठंही खेळतेय. तिथून तुम्हाला ती दिसेल की नाही, हे आमचा प्रोग्राम सांगतो."

"आणि नाही दिसली तर?"

"तर खोलीचा तेवढा भाग तो काळा करून दाखवतो."

त्यानं स्क्रीनवर दाखवलंसुद्धा. पांढरी खोली आणि तिच्यात काळे काळे कोपरे. आजपर्यंत मला फक्त काळजी होती, आता तिचा नकाशा पण मिळाला!

सासूबाई गावाहून आल्या तेव्हा त्यांनाही मी हेच समजावलं. एका जागेवरून काय दिसतं, काय दिसत नाही, यावर ही मोठी मोठी माणसं काम करतात.

सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याला पगार देतात? आपल्या गावात पारावर बसून म्हातारे हेच करतात की गं. फुकट!"

* * *

आमच्या मजल्याचा नकाशा कुणी काढला देवाला माहीत. कॉरिडॉर इकडून तिकडं वळत जातो आणि पॅन्ट्री पार टोकाला. मी चहा ठेवायला गेले की परी दिसायची नाही. मग मी दूध ओतायचे, पळत यायचे, बघायचे, पळत जायचे. साखर टाकायचे, परत यायचे. चहा कधी बिनसाखरेचा, कधी दुप्पट गोड.

इरफानला माझी दया आली की चहाची, माहीत नाही. त्यानं आमच्या मजल्याचं माप घेतलं, प्रोग्राममध्ये टाकलं आणि म्हणाला, "ताई, चहाचं टेबल कुठं ठेवलं तर तुम्हाला सगळीकडचं दिसेल, ते काढतो."

उत्तर आलं. एकच जागा. आमच्याच मजल्यावर बसणाऱ्या डायरेक्टर सरांच्या केबिनच्या बरोबर दारासमोर!

मी म्हटलं, "इरफानभाऊ, दुसरी नाही का हो? थोडं कमी दिसलं तरी चालेल."

पण मॅडमचा स्वभाव असा की एकदा उत्तर आलं म्हणजे आलं. टेबल तिथंच लागलं. दुसऱ्या दिवशी सरांनी दार उघडलं, तर समोर मी, स्टोव्ह आणि आलं कुटायचा खलबत्ता.

"हे काय आहे?" सर.

"सर, ऑप्टिमल आहे," मॅडम म्हणाल्या.

सरांनी कप उचलला.

* * *

त्याच टेबलापाशी माझा जीव एकदा जाता जाता राहिला.

दुपारची वेळ. मी टेबलाशी उभी होते. सगळीकडं नजर फिरवली आणि परी कुठंच नाही! मी ओरडले. इरफान खुर्ची पाडून धावला. मॅडम जिन्यात गेल्या. मी बाथरूम बघितलं, गच्चीचं दार बघितलं, लिफ्टचं बटण दाबून आत कुणी आहे का बघितलं. इरफान तर म्हणत होता, "असं होऊच शकत नाही ताई, या मजल्यावर काळा भागच नाही!"

डायरेक्टर सर आपले टेबलाशी उभे, शांतपणे चहा पीत. मला रागच आला. म्हटलं, "सर, तुम्ही तरी काही बघितलं का हो?"

सरांनी खाली बघितलं. टेबलाखाली परी. तोंडावर बोट.

"बघितलं," सर म्हणाले, "पण ती मला म्हणाली, सांगू नका."

* * *

एकदा शाळेची मुलं लॅब बघायला येणार होती. मॅडमनी कॉरिडॉरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बारा कोपऱ्यांच्या कुठल्याही हॉलला चार गार्ड पुरतात.' खाली सुंदर आकृती.

मुलं यायच्या आधी आमच्या बिल्डिंगचे वॉचमन शेळके मामा आले. मागं त्यांची माणसं, सगळी टोपी काढून.

"मॅडम," मामा म्हणाले, "आमी या बिल्डिंगला सहा जण हाय. कोणते दोन काढायचे, तेवढं आधी सांगा. लेकरंबाळं हायेत."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी मामांना खुर्ची दिली, मला चहा सांगितला आणि नीट समजावलं. मामा, हे गणितातले गार्ड आहेत. ते एका जागी उभे राहतात, हलत नाहीत. चारी बाजूंना एकदम बघतात. पापणी लवत नाही.

"चहाला जात न्हाईत?"

"नाही."

"सुट्टी?"

"नाही हो मामा."

"बसत बी न्हाईत?"

"नाही."

मामांचा चेहरा मोकळा झाला. उठून टोपी घातली आणि म्हणाले, "मग काळजी न्हाई. असली माणसं आमची एजन्सी बी कवापासनं शोधतीय. अजून गावली न्हाईत!"

* * *

चाकणच्या एका कंपनीनं आम्हाला बोलावलं होतं. त्यांच्या शेडमध्ये कमीत कमी कॅमेरे लावून सगळं कसं दिसेल, ते काढायचं होतं. इरफाननं शेडच्या ड्रॉइंगवरून जागा काढून दिल्या, कॅमेरे लागले आणि शनिवारी आम्ही बघायला गेलो. टेप धरायला मी. परीजवळ तिचे पप्पा होते, तरी मी जाताना रस्त्यात इतके फोन केले की ते म्हणाले, "तूच घरी थांब, मी टेप धरतो."

सुपरवायझरच्या केबिनमध्ये स्क्रीनवर सगळी शेड लख्ख दिसत होती. मशीन दिसत होत्या. फक्त माणसं कमी दिसत होती.

"एवढीच शिफ्ट आहे का?" मॅडमनी विचारलं.

सुपरवायझर म्हणाला, "हजेरीला तर सगळे होते."

इरफान आत गेला, मी मागं टेप घेऊन. तर रिकाम्या क्रेटांची छतापर्यंत थप्पी लागलेली आणि तिच्या मागं मंडळी निवांत तंबाखू मळत बसलेली! ड्रॉइंगमध्ये भिंती होत्या, खांब होते. थप्पी कुठून असणार? ती काल लागलेली.

आम्हाला बघून सगळे ताडकन उठले. एक जण हात जोडून म्हणाला, "साहेब, वर सांगू नका."

इरफानचे डोळे चमकत होते. "उठू नका, उठू नका!" तो म्हणाला. "आहे तसेच बसा! ताई, टेप इकडं धरा. भाऊ, तुम्ही जरा डावीकडं सरका, तिथूनही दिसत नाही का बघू!"

अर्धा तास त्यानं एकेकाला बसवून, उभं करून मापं घेतली. एवढी अदब त्या माणसांना कंपनीत कुणी दाखवली नसेल. निघताना तो त्यांना म्हणाला, "एक विनंती आहे. माझा पेपर पूर्ण होईपर्यंत ही थप्पी हलवू नका, प्लीज."

तो मघाचा हात जोडणारा म्हणाला, "राव, तुम्ही दोन पेपर लिहा!"

* * *

आता खुर्चीकडे येते. जाहिरात लागली, पण माणसं येईनात. ज्याला हे येतं तो कुठल्या तरी मोठ्या कंपनीत जातो. जो येतो त्याला हे येत नाही.

पहिला आला तो वाकडचा, आयटीतला. चाकणच्या चौकातलं ट्रॅफिक त्याला माहीत नव्हतं. मॅपवर बघून निघाला आणि इंटरव्ह्यू संपायच्या वेळेला पोचला. बसायच्या आधीच विचारतो, "मॅडम, वर्क फ्रॉम होम आहे ना?"

मॅडम म्हणाल्या, "कुणाला कोण दिसतं यावर आपलं काम आहे आणि तुम्हीच दिसणार नाही?"

दुसरा मात्र फार हुशार, असं इरफान म्हणाला. दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजचा. आल्या आल्या खडू घेतला आणि फळ्याशी जे उभा राहिला ते आमच्याकडं पाठ करून. अंगानं भरलेला. लिहितोय, पुसतोय, लिहितोय. आम्हाला फक्त शर्ट दिसतोय.

मॅडमनी बराच वेळ वाट बघितली. मग गोड आवाजात म्हणाल्या, "एक सोपं उदाहरण सोडवा. समजा मी या खुर्चीत बसलेय आणि तुम्ही तिथं उभे आहात. तर मला फळ्याचा किती भाग दिसेल?"

त्यानं मान डोलावली. खर्र खर्र लिहिलं. मोठं उदाहरण केलं. शेवटी एक चौकट काढली, तिच्यात उत्तर लिहिलं आणि नमस्कार करून गेला.

उत्तर अगदी बरोबर होतं. शून्य! फक्त ते आम्हाला तो गेल्यावर दिसलं.

* * *

दसरा गेला. मॅडम चहा अर्धा ठेवायला लागल्या. इरफान म्हणाला, "ताई, लॅब बंद झाली तर मी अब्बांच्या गॅरेजला बसेन. गाडीखालून पण बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत." गमतीत म्हणाला, पण हसला नाही. आणि मला परत ते कंपनीचं गेट, तो मोबाईल ठेवायचा कप्पा दिसायला लागला. रोज परीचा हात धरून घरी जाताना मी मनात म्हणायचे, एवढे लोक शिकतात, मग जातात तरी कुठं?

आणि एकदम डोक्यात आलं. खूप खूप शिकलेली, लग्न न झालेली मुलं कुठं राहतात, हे कुणाला ठाऊक असतं? युनिव्हर्सिटीला नाही. लता काकूंना!

लता काकू आमच्या गल्लीत राहतात आणि लग्नं जमवतात. खेडपासून चिंचवडपर्यंत कुठल्या घरात कोणता मुलगा किती शिकलाय आणि का अडलाय, हे त्यांना तोंडपाठ. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. स्थळ नाही, नोकरी आहे. गणित पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे, पीएचडी पाहिजे.

काकूंनी डोळे मिटले. "आहे एक. राजगुरुनगरचा. शिक्षणापायी घोडं अडलंय. मुली म्हणतात फार शिकलाय, मुलींचे बाप म्हणतात अजून कमवत नाही."

"मग अर्ज करायला सांगा ना काकू!"

"सांगते. पण माझी एक पद्धत आहे. मुलगा मी एकटा पाठवत नाही."

* * *

मुलाचं नाव निलेश. अर्ज आला, रीतसर तारीख मिळाली आणि त्या दिवशी बिल्डिंगसमोर व्हॅन थांबली. व्हॅनमधून निलेश, त्याची आई, त्याचे मामा आणि लता काकू उतरल्या. आईच्या हातात पेढ्याचा पुडा. नोकरीसाठी आलोय हे सगळ्यांना माहीत होतं, पण बघायला जायचं म्हणजे चार माणसं पाहिजेतच!

काकूंचा मला आधीच फोन होता, "पोहे कर." मी केले. पहिल्यांदाच आमच्या युनिव्हर्सिटीत कुणाच्या इंटरव्ह्यूला पोहे झाले असतील, वर खोबरं-कोथिंबीर घालून.

मॅडम आणि डायरेक्टर सर एका बाजूला, ही चौघं दुसऱ्या बाजूला. निलेश मान खाली घालून. मामांनी सरांना विचारलं, "आपलं मूळ गाव कोणतं?" सरांनी सांगितलं. निलेशच्या आईनं मॅडमना विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मॅडम प्रोजेक्टची माहिती देणार होत्या, त्यांनी घरची दिली.

पोहे झाले. मग मामा घसा खाकरून म्हणाले, "आता यांना जरा मोकळेपणी बोलू द्यायचं का?"

आणि खरंच, मॅडम, सर आणि निलेशला आत ठेवून आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये आलो. दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं. मॅडमनी काहीतरी विचारलं. निलेशनं पहिल्यांदा मान वर केली. उठला. खडू घेतला. फळ्याच्या बाजूला उभा राहिला. आणि बोलायला लागला ते बोलतच राहिला. हातवारे काय, हसणं काय! इरफानला राहवेना, तोही आत घुसला. आता चौघं फळ्याशी भांडत होते.

बाहेर आईच्या डोळ्यांना पदर. "एवढा वेळ हा आजपर्यंत कुणाशी बोलला नाही हो," त्या म्हणाल्या. "याआधी मुली बघितल्या, सगळ्या पाच मिनिटांत संपल्या. शेवटच्या मुलीला तर यानं विचारलं, तुमच्या हॉलला कोपरे किती? तिच्या वडलांना वाटलं, हा फ्लॅटची किंमत काढतोय!"

मी म्हटलं, "आमच्या इथं पहिला प्रश्न तोच असतो."

शेवटी दार उघडलं. मॅडमच्या साडीला, सरांच्या कोटाला खडू. मॅडमचा चेहरा असा फुललेला मी किती महिन्यांनी बघितला. त्या आईपुढं येऊन म्हणाल्या, "आम्हाला पसंत आहे!"

आईनं पुडा सोडला. मॅडमच्या तोंडात पेढा, सरांच्या तोंडात पेढा, इरफानच्या, माझ्या, परीच्या. मी देवाचं नाव घेतलं. मोबाईलचा तो कप्पा डोळ्यांपुढून गेला एकदाचा.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "पण मॅडम, एक आहे. याला बंगळुरूहून पण बोलावणं आलंय. तिकडं याची मावशी आहे, ती म्हणते पाठव, इकडं मुली खूप शिकलेल्या, मी जमवते. मग इथं ठेवायचं तर इथं याचा संसार नको का मांडायला? मुलगा तुम्हाला पसंत पडला, घ्या. आता मुलगी तुम्ही बघून द्या."

मॅडमनी इरफानकडं बघितलं. इरफाननं माझ्याकडं. मी लता काकूंकडं. काकूंनी दुसरा पेढा उचलला.

"माझ्याकडं कशाला बघते?" काकू म्हणाल्या. "मला तू मुलगा मागितला होतास. मुलीकडची तू!"

तर मंडळी, मुलगा राजगुरुनगरचा, डॉक्टर पण औषधाचा नाही, निर्व्यसनी, पोहे दोनदा घेतले. आम्हाला मुलगी चाकण, खेड, चिंचवड, दापोडी, इथलीच पाहिजे, लांबची नको. शिक्षणाची अट नाही, फक्त घराच्या कोपऱ्यांबद्दल विचारलं तर राग मानू नये. दिवाळी तोंडावर आलीय, परी आत्ता टेबलाखाली झोपलीय आणि मला रात्रंदिवस बंगळुरूची ती मावशी दिसते. कुणाच्या पाहण्यात असेल तर तिसऱ्या मजल्यावर येऊन सांगा. नसेल तर निदान चार जणींच्या कानावर घाला, तेवढं कराच!